मोजणी

रंभाजी ताजनपुरे, वय एकाहत्तर, खाट नऊ.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं नोटा मोजल्या.
एक जरी कमी भरली
तर दारं बंद, कुणी घरी जायचं नाही,
हे ते प्रत्येक राउंडला सांगत,
स्वादुपिंडाच्या कळा सोसत, अभिमानानं.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
मी त्यांचा श्वास मोजते आहे.
सेकंदकाटा पुरा फिरला
आणि माझ्याकडे जमले फक्त पाच.

पुन्हा मोजते.
पाचच.

बाहुल्या मोहरीएवढ्या.
ओठांवर शाई उतरलेली.
चादर सारली तेव्हा कळलं:
निफाडला पारा पाचावर आलाय म्हणून
सूनबाई ज्योत्स्नाताईंनी पाठीशी
गरम पाण्याची पिशवी ठेवली होती,
नेमकी त्या चिकटपट्टीवर,
जिच्यातलं औषध तीन दिवस
मुंगीच्या पावलानं आत जायचं.
उबेनं त्याला घाई झाली.
माया होती ती.
नोंदवहीत मी "बाहेरून उष्णता" एवढंच लिहिलं.

पट्टी सोलून काढली, मास्क लावला.
"बाबा, श्वास घ्या. मोठा."
सांगितलं की घेतात.
घेतला की विसरतात.

डॉक्टर कोकणी आले उलटा स्वेटर घालून.
माझ्या हातात नॅलॉक्सोनची अँप्यूल,
करंगळीच्या पेराएवढी.
मला आठवली दुसऱ्या दवाखान्यातली एक बाई,
माझं तेव्हा पहिलंच वर्ष.
कुणीतरी अख्खी अँप्यूल एका दमात सोडली होती.
श्वास आला, आलाच,
पण त्याच्या पाठोपाठ सगळं दुखणं
महिनाभराची थकबाकी मागत आलं.
तिचं ओरडणं अजून माझ्या उजव्या कानात राहतं.

"दहा मिली करा सिस्टर. एकेक मिली देऊ.
त्यांना जागं नाही करायचं आपल्याला.
श्वास तेवढा हवाय."

एकाच रजईत दोघं निजलेत, श्वास आणि दुखणं.
शाळेच्या पोराला पहाटे उठवावं
आणि शेजारच्या तान्ह्याला कळू देऊ नये,
तसं.

पहिला मिली. दोन मिनिटं थांबलो.
सहा.
दुसरा. द्वारकेच्या चौकात एका ट्रकनं गिअर बदलला.
सात, कदाचित आठ.
तिसरा. नऊ.
आणि कपाळावर आठी पडली.
डॉक्टरांचा अंगठा पिस्टनवर गोठला.
उठलं की काय ते दुसरं?
म्हातारबाबांचा हात हळूहळू वर आला
आणि त्यांनी नाक खाजवलं.
डॉक्टर हसले, मग मीही, तोंड दाबून.
अर्धा मिली आणखी.
अकरा.
"बस. हात लावू नका आता."

पापण्या किलकिल्या झाल्या.
"किती भरले?"
कुणाला विचारलं, कोण जाणे.
"अकरा, बाबा. दुखतंय का?"
तीन बोटं दाखवली, दहातली तीन.
काल संध्याकाळीही तीनच होती.

हे औषध लवकर ओसरतं.
पट्टी काढली तरी कातडीखाली तिचा साठा
सकाळपर्यंत झिरपत राहील.
म्हणून पंपावर बारीक ठिबक लावलं,
म्हणून कुणी झोपायचं नाही.

ज्योत्स्नाताई दारात उभ्या,
हातात ती पिशवी, अजून कोमट.
"माझ्यामुळे झालं ना?"
याचं उत्तर मला शिकवलेलं नाही.
मी स्टूल पुढे सरकवलं.
बसा. छातीकडे बघा. माझ्याबरोबर मोजा.

ओठ हलवत मोजलं त्यांनी,
पहिलीतल्या पोरीसारखं.
मिनिट संपलं.
त्यांचे बारा. माझे अकरा.

एकाचा फरक.
दारं बंद.
आम्ही पुन्हा सुरुवात केली.